वैद्यकीय शब्दांची कार्डं: घ्या, पण लाल गठ्ठा आधी दुरुस्त करा

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात मिळणारा हा संच मराठी माध्यमातून नर्सिंग, डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञाची पदविका) किंवा मेडिकल कोडिंगकडे (आजार-उपचारांना ठरलेले कोड देण्याच्या कामाकडे) आलेल्यांसाठी आहे. मूळ शब्द निळ्या कार्डांवर, उपसर्ग हिरव्या, प्रत्यय लाल. कार्डं जोडायची आणि शब्द बनवायचा.

सगळ्यात उत्तम जमलंय ते जोडस्वराचं, म्हणजे दोन तुकडे सांधणाऱ्या ‘ओ’चं कार्ड. प्रत्यय स्वरानं सुरू झाला की ‘ओ’ गळतो: गॅस्ट्र (जठर) आणि आयटिस (दाह) मिळून गॅस्ट्रायटिस. व्यंजन आलं की राहतो: गॅस्ट्रोस्कोपी. दोन मुळं शेजारी आली, तर मात्र पुढे स्वर असूनही टिकतो: गॅस्ट्रोएन्टरायटिस (एन्टर म्हणजे आतडं). हे तीन शब्द पाठ असले की निम्मी स्पेलिंगं आपोआप सुधारतात.

हिरव्या गठ्ठ्यात एक सोन्यासारखी संधी मात्र वाया गेलीय. नकाराचा ग्रीक उपसर्ग व्यंजनापूर्वी ‘अ’ आणि स्वरापूर्वी ‘अन्’ होतो. ॲप्निया (श्वास थांबणं), पण ॲनिमिया. आपल्याकडे अज्ञान आणि अनादर, अगदी हाच नियम! मराठी मुलांना तो शिकवावाच लागत नाही, नुसता दाखवायचा. तिथेच हेही सांगायला हवं होतं की फोड म्हणजे व्याख्या नव्हे. ॲनिमियाची फोड ‘रक्त नाही’ अशी होते. प्रत्यक्षात हिमोग्लोबिन कमी असतं.

खरी चूक लाल गठ्ठ्यात आहे. ‘टॉमी’, ‘एक्टॉमी’ आणि ‘ऑस्टॉमी’ या तिन्हींपुढे ‘शस्त्रक्रिया’ एवढंच छापलंय. टॉमी म्हणजे चीर देणं, एक्टॉमी म्हणजे काढून टाकणं, ऑस्टॉमी म्हणजे अवयवाला नवं तोंड (छिद्र) करणं. कोलेक्टॉमीत मोठं आतडं किंवा त्याचा भाग काढतात. कोलोस्टॉमीत आतड्याचं तोंड पोटावर आणतात. कोडिंगमध्ये ही गल्लत झाली तर विम्याचा क्लेम परत येऊ शकतो. तिन्ही कार्डांवर पेनानं अर्थ लिहून घ्या.

उच्चार देवनागरीत दिलेत, ते सोयीचं आहे. पण ‘इलियम’ची दोन कार्डं त्यामुळे हुबेहूब सारखी दिसतात. एक लहान आतड्याचा शेवटचा भाग, दुसरं कमरेचं हाड. रोमन स्पेलिंगमध्ये तिसरं अक्षर बघायचं: ‘ई’ असेल तर आतडं (एन्टरायटिसमधलाच ‘ई’), ‘आय’ असेल तर हाड.

वापरताना लाल कार्ड आधी वाचा, मग हिरवं, शेवटी निळं. रोज दहा कार्डं पुरेत.