रोटरीवर काम: रॅप पुरेल की खरा चार अक्षांचा टूलपाथ हवा?

सीएनसी राउटरला रोटरी (लाकूड फिरवणारा चौथा अक्ष) जोडायचं ठरलं की लोक आधी सॉफ्टवेअरच्या किमती विचारतात. मी आधी कंट्रोलर (मशीन चालवणारी प्रणाली) कोणता ते विचारतो. टूलपाथ (कटरचा मार्ग) कसला घ्यायचा आणि पुढे कोणती दुखणी मागे लागणार, हे बरंचसं त्यावरच ठरतं.

रॅपमध्ये नक्षी सपाट काढायची आणि वाय अक्षाचं अंतर पोस्टने (टूलपाथचा मशीनला कळणारा कोड करणारा प्रोग्राम) ए अक्षाच्या, म्हणजे रोटरीच्या, अंशांत बदलायचं. १०० मिमी व्यासाच्या खांबाचा परीघ ३१४.१६ मिमी, म्हणजे एका अंशाला ०.८७ मिमी. ड्रॉइंग ३०० मिमी रुंद असेल तर जॉब ३४४ अंशांवरच थांबतो आणि सांध्याला १४ मिमीची फट दिसते. सांधा जुळतोय पण वर्तुळं चेपली आहेत? मग लाकडाचा खरा व्यास मोजा, तो १०० ऐवजी ९६ भरेल. व्ही-बिटची (टोकदार कटरची) खाच एका बाजूला कलली असेल तर वायचा झिरो मध्यरेषेवर नाही. झेडचा झिरो मात्र फिरण्याच्या केंद्रावरच घ्यावा, कारण पृष्ठभाग सोलला की त्याची जागा हलते. रॅपची बहुतेक दुखणी अशी व्हर्नियर आणि कॅल्क्युलेटरवर सापडतात. मर्यादा एकच, पण मोठी: जॉब मुळात गोल हवा.

पीळदार पाय, मूर्ती, कुठे जाड कुठे बारीक असं काम असेल तर खरा रोटरी टूलपाथच लागतो. तिथे फीड (कापताना पुढे सरकण्याचा वेग) छळतो. जी९४ मध्ये, म्हणजे फीड मिनिटाच्या हिशेबात असताना, फक्त ए फिरत असेल तर एफ१००० चा अर्थ बहुतेक कंट्रोलर मिनिटाला १००० अंश असा घेतात. १०० मिमीवर हा वेग मिनिटाला ८७३ मिमी पडतो, २० मिमीच्या मानेवर जेमतेम १७५. तिथेच लाकूड काळं पडतं. उलट ओळीत एक्सची किंचित हालचाल असली की लिनक्ससीएनसी हा कंट्रोलर फीड एक्सचाच धरतो आणि ए जमेल तितक्या जोरात पळतो. जॉब हिसके खात असेल तर आधी हे बघा, मग बॅकलॅशला (गिअरमधल्या ढिलाईला) दोष द्या. उपाय जी९३: हालचाल किती वेळात संपवायची ते प्रत्येक ओळ स्वतः सांगते, अर्ध्या सेकंदाला एफ१२०. माक३ या कंट्रोलरमध्ये त्रिज्येनुसार फीड धरण्याचा पर्यायही आहे.

दहा फेऱ्यांनंतर ए० (शून्य अंशावर परत या) दिलं आणि चक दहा फेऱ्या उलटा फिरला, तर ती रोलओव्हरची (३६० अंशांनंतर पुन्हा शून्यापासून मोजण्याची) सेटिंग आहे, टूलपाथ बरोबर आहे.

लाटणी, अक्षरं कोरलेले खांब एवढंच करायचं असेल तर रॅपवर थांबा. चार सपाट बाजूच कोरायच्या तर दोन्ही नकोत. ९० अंश फिरवा, लॉक करा, तीन अक्षांवर कापा. खरा चार अक्षांचाच घेणार असाल तर पैसे देण्याआधी नमुना फाइल मागून घ्या. जी९३ खाली प्रत्येक जी०१ (सरळ कापाच्या) ओळीला स्वतःचा एफ नसेल तर तो पोस्ट परत करा.