भुशासाठी घेतलं, पाण्यात कमावलं: वेट-अँड-ड्राय व्हॅक्यूमचे दहा महिने

गेल्या खंडेनवमीला रंधा, पटाशा आणि लाकडात खाचा पाडणाऱ्या राउटरच्या ओळीत कोरडा भुसा आणि पाणी दोन्ही ओढणारा हा ३० लिटरचा स्टीलचा पिंपही हळदकुंकू लावून बसला. आई म्हणाली, "केरसुणीची पूजा लक्ष्मीपूजनाला असते रे." तिच्या लेखी ही साडेनऊ हजारांची केरसुणीच.

नाशिकला घराच्या तळमजल्यावर दहा बाय बाराच्या खोलीत मी सुतारकाम करतो. ऑर्डरी थोड्या, हौस जास्त. वर घर, त्यामुळे भुसा पायांबरोबर जिना चढायचा आणि थेट पोळ्यांच्या डब्यापर्यंत पोचायचा. भांडणाचं मूळ तेच आणि खरेदीचंही.

दुकानदार वॅटवर माल विकतो. माझं १४०० वॅटचं आहे, पण तो आकडा मशीन वीज किती खातं ते सांगतो, ओढतं किती ते नाही. बघायचे आकडे दोन: किलोपास्कलमध्ये ओढ आणि सेकंदाला किती लिटर हवा. पाणी उचलायला ओढ लागते, भुशाला भरपूर हवा आणि जाड पाइप. सोबत आलेल्या बारीक पाइपात रंध्याच्या ढलप्या पहिल्याच दिवशी आडव्या अडकल्या. जाड पाइप वेगळा घ्यावा लागला, तो खर्च आधीच धरा.

पहिल्या महिन्यात मी जवळपास पस्तावलोच होतो. एमडीएफवर (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) सँडर, म्हणजे घासायचं मशीन, दहा मिनिटं चालवला की ओढ निम्मी. मला वाटलं मोटर गेली. मोटर ठणठणीत होती, फिल्टरच्या घड्यांमध्ये पिठासारखी धूळ घट्ट बसली होती. मग झाकणाचं सायक्लोन आणलं आणि रंगाच्या २० लिटरच्या रिकाम्या बादलीवर बसवलं. हवा गोल फिरते, भुसा कडेला फेकला जाऊन बादलीत पडतो आणि मशीनपर्यंत फक्त बारीक धूळ जाते. पोतंभर भुशातला आता मूठभरच पिंपात दिसतो. एकदा पाइप तुंबला आणि ती बादली माझ्या डोळ्यांदेखत चहाच्या कागदी कपासारखी आत पिचकली. जाड बुडाची बादली घ्या.

तरी मास्क सुटलेला नाही. सकाळी खिडकीतून तिरकं ऊन येतं, तेव्हा मशीनच्या मागच्या तोंडातून निघणारी धूळ त्या पट्ट्यात स्वच्छ दिसते. साधा कापडी फिल्टर होता तेव्हा तर धूपच घातल्यासारखं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकलंय. हे वाचल्यावर मी अगदी बारीक धूळही अडवणाऱ्या हेपा फिल्टरच्या पैशांवरून घासाघीस करणं सोडलं.

आवाज! आई वरून ओरडते, "गिरण बंद कर, सिरीयल लागलीय." घरात वापरायचं तर दुपारी एक ते चार विसरा. बाकी घरकामात सोफा, गाडीच्या मॅट, पंख्यावरची जळमटं हे सगळं ते करतं. पण रोजच्या केराला हे धूड जिन्यावरून कोण चढवणार? बायकोने दोनदा चढवलं, तिसऱ्यांदा झाडू घेतला. गच्चीवरच्या टाकीचं मात्र तिला भारी कौतुक. टाकी धुतल्यावर तळाशी दोन बोटं गढूळ पाणी राहतं, फडक्याने टिपता टिपता कंबर जायची. आता दहा मिनिटांचं काम.

खरी परीक्षा जुलैत झाली. रात्री गटार तुंबून पाणी दारातून आत आलं, खोलीभर दोन सेंटीमीटर. ऐकायला किरकोळ, पण हिशेब केला तर सव्वादोनशे लिटर. पिंप ३० लिटरचा असला तरी २० लिटरच्या आसपास आतला फ्लोट (पाण्यावर तरंगणारा भाग) वर येतो, हवेची वाट बंद करतो आणि मोटरचा सूर एकदम चढतो. तो सूर ऐकला की बंद करायचं, झाकण काढायचं, पिंप उचलून बाहेर ओतायचा. अशा अकरा खेपा. तळाला पाणी सोडायचा नळ असलेलं मॉडेल हजारभर रुपयांनी महाग होतं म्हणून मी सोडलं होतं. सातव्या खेपेला ते हजार रुपये आठवले. खालचे दोन प्लाय फुगले, बाकीचा गठ्ठा वाचला.

आणि दुसऱ्या दिवशी मीच माती खाल्ली. पाण्यासाठी कागदी फिल्टर काढून स्पंजचा घातला होता, तो बदलायचं विसरलो आणि घाईत सायक्लोन न लावता सँडर जोडला. ओल्या पिंपात भुशाची लापशी झाली, स्पंजमधून बारीक धूळ मोटरमध्ये गेली. दोन दिवसांनी आंबूस वास, तिसऱ्या दिवशी मोटरच्या जाळीतून ठिणग्या. मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन ब्रश बदलायचे होते, अर्ध्या तासाचं काम. सर्व्हिस सेंटरने एकोणीस दिवस लावले आणि वर मलाच विचारलं, "घरगुती मशीनवर फर्निचरचं काम का करता?" कंपनीचं नाव लिहीत नाही. पण खोक्यावर करवतीचं चित्र छापताना हे कुणाला सुचलं नाही का?

वायरिंगचंही पाहून घ्या. हे आणि गोल करवत एकाच एक्स्टेन्शनवर चालवली तेव्हा प्लगची पिन काळी पडली. दोन्ही मिळून ११ अँपिअरच्या पुढे जातं. आता १६ अँपिअरचे दोन वेगळे पॉइंट काढलेत. थंडीत कोरड्या हवेत प्लास्टिकच्या पाइपाला हात लावला की झटका बसतो, तो वायरिंगचा दोष नाही. भुसा घासत जातो, त्याची स्थिर वीज. धोका नाही, पण राउटर हातात असताना दचकायला होतं.

थिनर सांडलं तर यात ओढू नका, मोटरमध्ये ठिणगी असतेच. होमाची कोमट राखही नको. ओलं प्लॅस्टर तर मुळीच नाही, ते पाइपातच धरतं.

सध्या मशीनच्या हँडलला सुतळीने एक पुठ्ठा बांधलाय. एका बाजूला 'स्पंज', दुसऱ्या बाजूला 'कागद'. फिल्टर बदलला की पुठ्ठा उलटायचा. मुलगा हसतो, हसू दे.