ग्रँड नैन केळीची टिश्यूकल्चर रोपे : रावेरच्या मृगबागेतून एक अभिप्राय

गेल्या मृगबागेला, म्हणजे जून-जुलैच्या लागवडीला, आमच्या रावेर तालुक्यातील शेतात कंदांऐवजी ग्रँड नैन या केळीच्या जातीची टिश्यूकल्चर (प्रयोगशाळेत ऊतींपासून वाढवलेली) रोपे लावली. केळीच्या कुतूहलापायीच मी धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातून राहुरीला पैदासशास्त्राकडे, म्हणजे पिकांचे नवे वाण घडवण्याच्या शास्त्राकडे वळलो, पुढे काम मात्र दादर ज्वारीवर करू लागलो. त्यामुळे या रोपांकडे शेतकरी आणि पैदासकार अशा दोन्ही नात्यांनी पाहता आले.

एकसारखेपणाला पूर्ण गुण द्यावे लागतील. बाग जवळजवळ एकाच वेळी निसवली, म्हणजे घड बाहेर पडले, 11-12 महिन्यांत कापणीला आली आणि व्यापाऱ्याला एकाच वेळी गाडी भरून माल देता आला. मुनव्यांवर (बुंध्याशी फुटणाऱ्या पिलांवर) घेतलेल्या बसराई या जुन्या जातीची कापणी कितीतरी आठवडे रेंगाळत असे.

मात्र रोपामागे मोजलेले सुमारे 15 रुपये नव्या वाणाचे नाहीत, हे ग्राहकाने लक्षात घ्यावे. कॅव्हेंडिश गटातील या जातीच्या पेशींत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच, म्हणजे एकूण 33 गुणसूत्रे असतात. तीन संचांची सम वाटणी होत नसल्याने परागकण आणि बीजांडे बहुतांशी निकामी राहतात, फळ बियांविनाच भरते, आणि ज्वारीत दोन वाणांच्या संकरातून जी विविधता सहज हाती येते, ती येथे जवळपास मिळतच नाही. शेंड्याच्या वाढबिंदूपासून प्रयोगशाळेत लाखो रोपे तयार होतात, पण ती एकाच झाडाच्या प्रती असतात. तेव्हा आपण पैसे मोजतो ते मुख्यतः रोगमुक्ततेचे, आणि नेमके तेथेच आमच्या रोपवाटिकेचे गुण मी कापतो.

विषाणू तपासणीचा अहवाल मागितला असता पावतीखेरीज काहीही मिळाले नाही. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची टिश्यूकल्चर रोपांसाठीची प्रमाणीकरण व्यवस्था 2006 पासून अस्तित्वात असताना ही टाळाटाळ न पटणारी आहे. पुढे काही झाडांवर हरण्या हा विषाणूजन्य रोग दिसला, ती उपटून टाकावी लागली. हा रोग मावा ही रस शोषणारी कीडही पसरवते, त्यामुळे तो रोपांतून आला की शेजारच्या शेतातून, हे अहवालाविना ठरवता येत नाही. विक्रेत्यांना ही संदिग्धता सोयीची असावी. मोजकी झाडे खुजी आणि आखूड पानांची निघाली, परंतु टिश्यूकल्चरमध्ये असा थोडा फरक अपेक्षितच असतो, म्हणून त्याची तक्रार नाही.

एकाच जातीवर सगळा तालुका उभा असण्याची धास्ती मला त्याहून अधिक वाटते. पनामा मर या बुरशीजन्य रोगाने विसाव्या शतकाच्या मध्यास ग्रॉस मिशेल ही जात निर्यातीच्या बाजारातून बाद केली आणि तिची जागा कॅव्हेंडिशने घेतली. त्याच बुरशीचा टीआर-4 हा प्रकार आता कॅव्हेंडिशलाही मारतो, आणि तो बिहार व उत्तर प्रदेशात आढळला आहे. संकराची वाट अवघड असल्याने पैदासकार अन्य मार्गांनी जात आहेत : ऑस्ट्रेलियात रानटी केळीतील प्रतिकारक जनुक घातलेल्या कॅव्हेंडिशला 2024 मध्ये मान्यता मिळाली, तर भाभा अणुसंशोधन केंद्राने त्रिचीच्या राष्ट्रीय केळी संशोधन केंद्राच्या साथीने ग्रँड नैनवर गॅमा किरणांचा प्रयोग करून ‘कावेरी वामन’ हा बुटका वाण काढला. मे-जूनच्या वादळात उभी बाग आडवी झालेली ज्याने पाहिली आहे, त्याला बुटकेपणाचे मोल सांगावे लागत नाही. मर रोगावरचा उपाय मात्र तो नव्हे.

पुढील लागवडीस रोपे ग्रँड नैनचीच घेईन, रोपवाटिका मात्र बदलेन, आणि तपासणीचा अहवाल हातात पडल्याशिवाय आगाऊ रक्कम देणार नाही. कावेरी वामनची प्रमाणित रोपे आमच्याकडे मिळू लागली, तर वाऱ्याच्या बाजूच्या काही ओळींत ती लावून पाहण्याचा विचार आहे.