डॉलरमधलं स्वस्त कर्ज आणि माझे 17 लाख 74 हजार

सहानुभूती नको आणि "एवढा धंदा सांभाळणारा माणूस फसतोच कसा" हेही नको. ते घरी रोज ऐकतोय. कोल्हापूर-सांगली पट्ट्यातले फाउंड्रीवाले, इचलकरंजीचे लूमवाले, सोलापूरचे टॉवेलवाले, जे कोणी माल बाहेर पाठवतात आणि ज्यांच्या डोक्यावर रुपयातलं टर्म लोन आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. परदेशातून स्वस्त डॉलर कर्ज मिळवून देतो म्हणून फी उकळणारे हे लोक अजून फिरताहेत.

आमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. पंपाची केसिंग आणि व्हॉल्व्ह बॉडी अमेरिकेला जातात, बिलं डॉलरमध्ये होतात. नवी इंडक्शन फर्नेस आणि दोन व्हीएमसी (मशीनिंगची यंत्रं) घेतल्या, त्याचं टर्म लोन 11.25 टक्क्यांनी, शिल्लक 3 कोटी 28 लाख. वर्षाचं व्याज 36 लाख 90 हजार. ऑर्डरी मंदावलेल्या, विजेचं बिल तेवढंच, आणि गिऱ्हाईक भाव वाढवून द्यायला तयार नाही. अशा वेळी कोणी "शेठ, तुमचं उत्पन्न डॉलरमध्ये, मग कर्ज रुपयात कशाला?" असं विचारलं की ते वावगं वाटत नाही. खरं तर तो प्रश्न आजही वावगा नाही. म्हणूनच हा सापळा इतका चांगला आहे.

विचारणारा माणूस एका ओळखीच्या कारखानदाराकडून आला होता. ऑफिस अंधेरीत, बोलणं सभ्य, हातात टॅब. त्याने सगळ्यात आधी रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक दाखवलं, आणि ते परिपत्रक खरं आहे. जून 2012 मध्ये निर्यातीतून नियमित परकीय चलन कमावणाऱ्या उत्पादक कंपन्यांना परदेशातून कर्ज उचलून रुपयातलं कर्ज फेडायची मुभा मिळाली होती. सगळ्या कंपन्या मिळून 10 अब्ज डॉलरची मर्यादा, आणि एका कंपनीला तिच्या तीन वर्षांच्या सरासरी परकीय कमाईच्या आधी 50 आणि मग 75 टक्क्यांपर्यंत. मी ते स्वतः शोधून ताडून पाहिलं. शब्द न् शब्द जुळला. त्यानंतर नियम किती वेळा बदलले हे पाहायचं माझ्या डोक्यात आलं नाही, आणि माझ्या सीएच्याही आलं नाही. तो तर म्हणाला, "पेपर ठीक दिसतोय." त्याची फी मी वेळेवर भरतो, हे इथे नमूद करतो.

ऑफर होती 4,00,000 डॉलरची, दुबईतल्या एका फंडाकडून, मुदत पाच वर्षं, सगळं धरून सव्वाचार टक्के. हिशेब मीच मांडला: वर्षाला 22 लाख 96 हजार वाचणार. तो आकडा डोक्यात बसला की पुढचं काही दिसत नाही.

पैसे असे गेले. जानेवारी 2024 मध्ये ड्यू डिलिजन्स, म्हणजे कंपनीच्या तपासणीची, फी 1,18,000, जीएसटीच्या पक्क्या बिलासह. जीएसटी नंबर मी पोर्टलवर तपासला, चालू होता. (जीएसटी नंबर कोणालाही मिळतो. तो कर भरायचा नंबर आहे, चारित्र्याचा दाखला नाही.) मग दुबईच्या वकिलांची फी 3,54,000. मग "हेजिंग मार्जिन", म्हणजे डॉलरच्या चढउतारापासून बचावाची अनामत, परत मिळणार असं सांगून, 10,000 डॉलर 83 च्या भावाने म्हणजे 8,30,000. शेवटी मे महिन्यात "एलआरएन (परदेशी कर्जाचा नोंदणी नंबर) क्लिअरन्स" 4,72,000. सगळे आरटीजीएस, सगळे एकाच खासगी कंपनीच्या चालू खात्यात. बेरीज 17,74,000.

आता तो कागद, जो आठवला की अजून झोप उडते.

टर्म शीटच्या, म्हणजे कर्जाच्या अटींच्या कागदाच्या, दुसऱ्या पानावर व्याजाचं कलम होतं: सहा महिन्यांचा डॉलर लायबोर (लंडनच्या बँकांचा आपसातला पायाभूत व्याजदर) अधिक दीड टक्का, कमाल मर्यादा सव्वाचार. लायबोर! 2024 साली! डॉलर लायबोरचे दर जून 2023 अखेर नेहमीच्या रूपात बंद झाले. हे मला कोणा तज्ज्ञाने सांगायची गरज नव्हती. आमचं पॅकिंग क्रेडिट (निर्यातीचा माल तयार करायला बँक देते ते खेळतं कर्ज) डॉलरमध्ये आहे, त्याला पीसीएफसी म्हणतात, आणि माझ्याच बँकेने आदल्या वर्षी मला बोलावून त्या पीसीएफसीच्या पत्रावर सही घेतली होती: यापुढे लायबोर नाही, त्याच्या जागी सोफर हा नवा डॉलर दर. मी सही केली, चहा प्यायलो, वर मॅनेजरला "आता हा सोफर काय नवीन?" असं हसत विचारलं. आणि काही महिन्यांनी तोच बंद पडलेला लायबोर दुसऱ्या कागदावर आला, तर त्याच हाताने त्यावरही सही केली.

बरं, सोफर तेव्हा 5.3 च्या आसपास होता. म्हणजे अमेरिकेत सरकारी रोखे तारण ठेवून एका रात्रीसाठी डॉलर उचलणारे सव्वापाच-साडेपाच देत होते, आणि कोल्हापूरच्या फाउंड्रीला पाच वर्षांसाठी सव्वाचारने मिळणार होते! दर महिन्याला पीसीएफसीचं व्याज माझ्याच खात्यातून कापलं जात होतं, त्या स्टेटमेंटवर दर छापलेला होता. दोन कागद शेजारी ठेवले असते तर संपलं होतं. पण हेही सांगतो, टर्म शीट 34 पानांची होती, दुबईचे शिक्के होते, आणि त्याच आठवड्यात माझं एक कन्साइनमेंट रिजेक्ट होऊन पडलं होतं. टेबलावर बसून पानं उलटणाऱ्याला हे सोपं वाटेल. वाटू दे.

जूनमध्ये व्हॉट्सअॅपवर स्विफ्टची (बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय पेमेंट संदेशाची) कॉपी आली: एमटी 103, चार लाख डॉलर निघाले. मागोमाग फोन, "रक्कम अडकलीय, विदहोल्डिंग टॅक्सचे 6,20,000 आधी भरा, लगेच सुटेल." हे मात्र भरले नाहीत. कॉपी घेऊन बँकेच्या फॉरेक्स शाखेत गेलो. तिथल्या मॅडमनी एका मिनिटात विचारलं, "यूईटीआर कुठाय?" प्रत्येक स्विफ्ट पेमेंटला 36 अक्षरांचा माग काढायचा नंबर असतो. आमच्या कॉपीवर तो 22 अक्षरांचा होता. दुसरा प्रश्न: "तुमचा फॉर्म ईसीबी, म्हणजे परदेशी कर्जाचा अर्ज, आमच्याकडून गेलाच नाही, मग एलआरएन आला कुठून?" लोन रजिस्ट्रेशन नंबरचा अर्ज तुमच्या बँकेमार्फतच रिझर्व्ह बँकेकडे जातो आणि नंबर आल्याशिवाय कर्जाचा एक डॉलर आत येऊ शकत नाही. त्या नंबरासाठी "क्लिअरन्स फी" म्हणून कोणी एजंट पैसे मागत असेल तर तिथेच उठा. तिसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती ऐकून मी खुर्चीतच बसून राहिलो. 2019 पासून यंत्रसामग्रीसाठी घेतलेलं रुपयातलं कर्ज फेडायला परदेशी कर्ज घ्यायचं तर सरासरी मुदत किमान सात वर्षं लागत होती. आमची पाच वर्षांची ऑफर नियमातच बसत नव्हती.

मी विचारलं, मॅडम, मग माझ्यासारख्याने करायचं काय? त्या म्हणाल्या, चार लाख डॉलरसाठी कुठलाही खरा परदेशी फंड कागद हलवत नाही, वकिलांचाच खर्च निघणार नाही. पण तुमचं टर्म लोन आपल्याच बँकेत एफसीएनआर-बी निधीतून (अनिवासी भारतीयांच्या परकीय चलनातल्या ठेवींतून) डॉलरमध्ये बदलून मागता आलं असतं. हे मला सहा वर्षांत कोणी सांगितलं नाही! विम्याची पॉलिसी गळ्यात मारायला मात्र रिलेशनशिप मॅनेजर दर मार्चला कारखान्यात येतो.

मग सुरू झाली खरी वारी. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पोलीस ठाण्यात गेलो. नुकतेच नवे कायदे लागू झालेले. ठाणे अंमलदार म्हणाले, "साहेब, कुठलं कलम लावायचं तेच वरून विचारून घेतोय." गुन्हा 1 जुलैच्या आधीचा, म्हणजे जुनं 420 लागणार, हे माझ्या वकिलाने सांगितलं. त्यावर उत्तर: "करार झालाय, बिल मिळालंय, हे दिवाणी प्रकरण वाटतं." झिरो एफआयआर म्हटलं तर "पैसे मुंबईत गेले, मुंबईला जा." मुंबईत गेलो तर "तुम्ही सही कोल्हापूरला केली." आर्थिक गुन्हे शाखेत रक्कम लहान पडली. 17 लाख 74 हजार लहान! माझ्या दहा मोल्डरांचा जवळजवळ वर्षाचा पगार आहे तो. सायबरकडे गेलो तर म्हणे तुम्ही स्वतः बँकेत जाऊन आरटीजीएस केलंत, यात सायबर काय? ज्या बँकेत त्यांचं खातं, तिने "ग्राहकाची माहिती गोपनीय" असं दोन ओळींचं पत्र दिलं. चोराची गोपनीयता शाबूत. एका केंद्रीय पोर्टलवर तक्रार टाकली, ती "निकाली" निघाली. काय निकाल लागला ते मलाच माहीत नाही. पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज दिला, पोच आहे. आता वकील म्हणतात मॅजिस्ट्रेटकडे जाऊ. त्यांचीही फी आहेच.

पैसे गेल्याचं लक्षात आल्याबरोबर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, माझ्यासारखं "आधी एजंटशी बोलून बघतो" करत बसू नका. त्या वेळात खातं रिकामं होतं. परत मिळणारं मार्जिन तिसऱ्याच्या खात्यात कधीच भरायचं नाही. एजंट म्हणाला "बँकेला आत्ता सांगू नका, ते कर्ज जाऊ द्यायचे नाहीत", तर त्याच दिवशी बँकेला सांगा. आणि कोणी ओळखीने आला म्हणून ढिले पडू नका. मला ज्याने ओळख करून दिली त्याचेही 4,72,000 गेलेत, त्याने लाजेने मला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर माझे 13 लाख तरी वाचले असते. त्याच्यावर मी अजून चिडलेलोच आहे.

वकिलाच्या सल्ल्याने कंपनीचं नाव इथे टाकत नाही. मागच्या महिन्यात जयसिंगपूरच्या एका ओळखीच्या कारखानदाराने मला एक टर्म शीट दाखवली. तीच मांडणी, तेच शिक्के, दुबईचा फंड मात्र नव्या नावाचा. लायबोरच्या जागी आता सोफर लिहिलंय, मुदत सात वर्षं केलीय. म्हणजे माझ्यावर सराव करून कागद सुधारला. त्यामुळे वरच्या खुणा शोधत बसू नका, कागद थेट आपल्या बँकेच्या फॉरेक्स शाखेत टाका आणि लेखी विचारा. ज्यांनी आधीच पैसे भरलेत त्यांनी मला मेसेज करा. पाच-सहा जणांच्या रकमा एकत्र झाल्या तर आमची फाइल आर्थिक गुन्हे शाखेला लहान पडणार नाही, असं वकील म्हणतात. नावं बाहेर जाणार नाहीत. बिलं आणि आरटीजीएसच्या पावत्या जपून ठेवा.