तिकिटाचा फोटो ग्रुपवर टाकला अन् आईची तिरुपती राहून गेली

हिंगणघाट तालुक्यात आमचं गाव. आईचा तिरुपतीचा नवस होता, सोयाबीनचे पैसे हाती आले तसं एका सेंटरवरून चौघांचं स्लीपरचं तिकीट काढलं, वेटिंग मिळालं. कन्फर्म होईल का विचारायला भाच्यानं तिकिटाचा फोटो एका मोठ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. त्या फोटोत नावं, वयं, १० आकडी पीएनआर सगळं दिसते, अन् पीएनआर हाती आला की गाडी कोणती, तारीख कोणती, वेटिंग कुठवर आलं हे कोणालेही पाहता येते. भाच्याचा नंबर तर ग्रुपवर होताच.

दोनच दिवसांत त्याला मेसेज सुरू झाले. तिरुपतीत रूम पाहिजे का, दर्शनाचा पास काढून देऊ का, गाडीत जेवण सांगायचं का. आम्ही कोणालेच काही विचारलं नव्हतं. पण तारीख बरोबर, आईचं नाव बरोबर, म्हणून वाटलं रेल्वेवालेच पाठवून राहिले असतील. सगळे मेसेज साध्या १० आकडी मोबाईल नंबरवरून येत होते, तिथंच ओळखायला पाहिजे होतं.

जायच्या दिवशी दुपारी फोन आला, हिंदीत बोलून राहिला होता, एकदम सभ्य. म्हणे तुमची गाडी रद्द झाली, रिफंड आजच घ्या नाहीतर अडकते. भाच्यानं फोन माझ्याकडं दिला. फोनवाल्यानं व्हॉट्सॲपवर एक ॲप पाठवलं, मी ते टाकलं, त्यानं जे जे विचारलं त्या सगळ्याले अलाऊ केलं अन् रिफंड येईल म्हणून एटीएम कार्डाचा नंबर भरला. ओटीपी मी कोणालेच सांगितला नाही हो! त्या ॲपनं माझे मेसेज परस्पर वाचले. चार वेळा पैसे कटले, ४१ हजार गेले.

खरं म्हणजे गाडी रद्द झाली तर ई-तिकिटाचे पैसे आपोआप परत येतात, ज्या खात्यातून भरले त्याच खात्यात, अन् एजंटकडून काढलं असेल तर एजंटच्या खात्यात. त्यासाठी कोणतंच ॲप लागत नाही, कार्ड नंबर लागत नाही. रेल्वेच्या १३९ ला एक फोन लावला असता तर गाडी चालू आहे का नाही तेवढ्यात कळलं असतं.

अन् गाडी चालूच होती. आम्ही घरी बसून राहिलो, आईनं दशम्या बांधून ठेवल्या होत्या, आणि बल्लारशाहवरून गाडी निघून गेली. दुसऱ्या दिवशी सेंटरवाला म्हणाला, अरे दादा, चारही सीट कन्फर्म झाल्या होत्या, तुम्ही काहून नाही गेले? तिकिटाचे पैसेही गेले.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनले, १९३० ला, मी तिसऱ्या दिवशी फोन केला. लाजेनं. पैसे पुढच्या खात्यात असतात तोवरच थांबवता येतात, त्यामुळं असं झालं तर त्याच मिनिटाला १९३० लावा, बँकेत नंतर जा. माझे ६ हजार होल्ड झाले, बाकीचे निघून गेले होते.

आता परत तिकीट काढलं आहे. आईला सांगितलं, फोटो कोणालेच पाठवला नाही.