जांभळी नाक्यावरचे काष्ठौषधींचे दुकान : घरच्या लेपांसाठी सुटा माल

ठाणे स्थानकाच्या पश्चिमेकडून बाजारपेठेतून जांभळी नाक्याकडे चालत निघाले की कौपिनेश्वर मंदिराच्या परिसरात पूजासाहित्य, सुकामेवा आणि काष्ठौषधी विकणारी दुकाने लागतात. त्यांपैकी ज्या एका दुकानातून आमच्या घरी चेहऱ्याच्या व केसांच्या लेपांचे साहित्य येते, त्याविषयी हे लिहीत आहे. दुकान अरुंद आहे, दोन गिऱ्हाइके उभी राहिली की तिसऱ्याला रस्त्यावर थांबावे लागते. पण घरच्या घरी स्वस्तात फेसपॅक किंवा केसांचा पॅक करू पाहणाऱ्या कोणालाही मी आधी इथेच पाठवीन, कारण येथे प्रत्येक वस्तू वेगवेगळी आणि अख्खी मिळते.

हा अख्खेपणा मला फार महत्त्वाचा वाटतो. तयार उटण्याच्या किंवा फेसपॅकच्या पाकिटावर दहा-बारा वनस्पतींची नावे असतात, पण त्यांतली कोणती किती घातली आहे हे बहुधा कळत नाही आणि स्वस्त पाकिटांत मुख्य भरणा मातीचा किंवा पिठाचा असू शकतो. येथे नागरमोथ्याची गाठ हातात घेऊन मोडून पाहता येते. आत सुवास असेल तर माल चांगला, नुसता धुरकट वास आला तर जुना. रिठा घेताना दुकानदार काका एक फळ फोडून दाखवतात, आतली काळी टणक बी बाजूला करतात आणि कामाचे आहे ते वरचे टरफल, असे सांगून बी काढलेली टरफलेच तोलून देतात. मागच्या खेपेस पाव किलो मुलतानी माती ३० रुपयांना आणि तेवढीच शिकेकाई ७० रुपयांना मिळाली; त्यात आवळकाठी, कापूरकाचरी, वाळा थोडा थोडा घेतला तरी दोनशे रुपयांच्या आसपास घरातल्या दोघी-तिघींची बरीच सोय होते.

काकांच्या सचोटीविषयी एक प्रसंग सांगणे आवश्यक आहे. लेपासाठी मी चंदनाची पावडर मागितली, तेव्हा ती समोर बरणीत दिसत असूनही ते म्हणाले, “ताई, या भावात मिळतं ते अस्सल चंदन नसतं. वासच हवा असेल तर वाळा न्या, नाहीतर खोड घेऊन सहाणेवर उगाळा.” चंदनाचे लाकूडच किलोला हजारो रुपयांना विकले जाते, त्यामुळे शंभर-दीडशे रुपयांच्या पुडीत ते असण्याची शक्यता नाही, हे त्यांनी विक्री बुडवून सांगितले.

मुलतानी माती येथे खड्यांच्या रूपात मिळते आणि तीच घ्यावी. पाण्यात टाकली की खडे आपोआप विरघळून लोण्यासारखे होतात, दळण्याची गरजच पडत नाही. ही माती तेल शोषून घेते, आणि ठाण्याच्या ऑक्टोबरमधल्या दमट उकाड्यात तेलकट चेहऱ्यासाठी याहून स्वस्त उपाय मला ठाऊक नाही. मात्र तीच शोषकता कोरड्या त्वचेला त्रासदायक ठरते, म्हणून अशा त्वचेसाठी ती दह्यात किंवा दुधात कालवावी, आणि कोणत्याही त्वचेवर लेप पूर्ण वाळून तडे जाईपर्यंत ठेवू नये. दहा मिनिटांत, अजून ओलसर असतानाच, कोमट पाण्याने काढावा. स्वयंपाकाची हळद चेहरा पिवळा करते, त्यामुळे येथून आंबेहळद घ्यावी आणि तीही चिमूटभरच घालावी.

केसांच्या बाबतीत दुकानाचा खरा उपयोग घोडबंदर रस्त्याकडच्या सोसायट्यांत राहणाऱ्यांना होईल. तिकडे अनेक ठिकाणी टँकरचे किंवा बोअरवेलचे पाणी वापरावे लागते आणि असे पाणी जड म्हणजे क्षारयुक्त असेल तर साबणाचा चिकट थर केसांवर बसतो. शिकेकाई आणि रिठ्यात सॅपोनिन नावाचे फेसाळणारे द्रव्य असते. ते साबण नव्हे, त्यामुळे जड पाण्यातही तसा थर बसत नाही. शिकेकाई, आवळकाठी आणि थोडा रिठा रात्री भिजवून सकाळी उकळावा, गाळून त्या पाण्याने केस धुवावेत. डोळ्यांत जाऊ देऊ नये, फार झोंबते. धुण्याआधी लावायच्या पॅकसाठी भिजवून वाटलेली मेथी पुरेशी आहे. तिचा बुळबुळीतपणा केसांवर पातळ थर धरतो आणि गुंता सहज सुटतो. अंड्याचा पॅक लोकप्रिय असला तरी अंड्यातील प्रथिनांचे रेणू केसाच्या आत शिरण्याइतके लहान नसतात, ते वरवरच काम करतात. खोबरेल तेलाचे तसे नाही. केसांतील प्रथिनांची झीज खनिज तेल आणि सूर्यफूल तेल यांच्यापेक्षा खोबरेलाने कमी होते, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले आहे. त्यामुळे महागड्या हेअर मास्कवर पैसे घालण्यापूर्वी न्हाण्याच्या आदल्या रात्री खोबरेल लावून पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन.

दुकानातल्या दळणाविषयी मात्र माझे पूर्ण समाधान नाही. मागच्या बाजूला लहान यंत्र आहे, पण त्यातून निघणारी पूड चेहऱ्यासाठी भरड असते. नागरमोथ्याचे बारीक तंतू त्वचेला ओरखडे काढतात, त्यामुळे घरी आणून ती पुन्हा वस्त्रगाळ करावीच लागते. आपल्या आधी यंत्रात काय दळले गेले, हेही विचारून घ्यावे. पुडीवर दळल्याची तारीख लिहिण्याची पद्धत नाही, आणि पावसाळ्यात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत माल पटकन सर्दावतो; बुरशीचा किंचितही वास आल्यास तो चेहऱ्याला लावू नये.

याहून मोठी तक्रार दर्शनी भागात टांगलेल्या काळ्या मेंदीच्या पाकिटांविषयी आहे. निव्वळ मेंदीच्या पानांचा रंग तांबूस-तपकिरी येतो; थोड्या वेळात काळाभोर रंग देणाऱ्या पाकिटांत पीपीडी (पॅरा-फेनिलिनडायमिन) हे केस रंगवण्याचे कृत्रिम रसायन असू शकते आणि त्याची काहींना तीव्र ॲलर्जी होते. चंदनाविषयी इतके स्पष्ट बोलणाऱ्या दुकानाने ही पाकिटे नैसर्गिक मालाच्या शेजारी ठेवू नयेत, असे मला मनापासून वाटते.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी एका वेळी एकच वस्तू घेऊन ती आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावावी आणि एक-दोन दिवस वाट पाहावी. सगळे एकदम कालवले तर खाज कशाने आली हे समजत नाही. लिंबाचा रस यात घालूच नये. त्वचेचा पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी, तितकी आम्लता जास्त) साधारण ४.५ ते ५.५ असतो, लिंबाच्या रसाचा सुमारे २. शिवाय रस लावून उन्हात गेल्यास फोड आणि काळे डाग उठू शकतात. पाणी, दही किंवा दूध घालून कालवलेला लेप उरला तर टाकून द्यावा, कारण त्यात टिकवण्यासाठी काहीच घातलेले नसते.

दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात उटण्यासाठी इतकी गर्दी होते की काकांना बोलायला सवड नसते आणि दळणही घेतले जात नाही, म्हणून नवरात्र सुरू होण्यापूर्वी, शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जावे. गाडी लावायला जागा मिळत नाही, त्यामुळे स्थानकावरून चालत जाणेच सोयीचे. पैसे मोबाइलवरून देता येतात, आणि घरून काचेच्या किंवा स्टीलच्या कोरड्या बरण्या नेल्या तर काका माल तोलून थेट त्यांत भरून देतात.