कंट्रोल चार्टच्या मर्यादारेषा: आठ महिने वापरल्यावर

स्प्रेडशीटमध्ये कंट्रोल चार्ट (प्रक्रिया ताब्यात आहे का, हे दोन मर्यादारेषांमध्ये बिंदू मांडून दाखवणारा आलेख) काढून देणारं एक ॲड-इन आठ महिने जवळपास रोज वापरतोय. आकडेमोडीबद्दल तक्रार नाही. पहिल्याच आठवड्यात कॅल्क्युलेटर घेऊन पडताळलं होतं. शाफ्टचा व्यास, पाच-पाच नगांचे गट म्हणजे सबग्रुप (चार्टवर प्रत्येकाच्या सरासरीचा एक बिंदू), एकूण सरासरी २५.०१२ मिमी, सरासरी रेंज (गटातल्या सर्वांत मोठ्या आणि लहान मापातला फरक) ०.०२६. पाचच्या सबग्रुपसाठी ए-टू हा रेंजला गुणायचा तक्त्यातला गुणक ०.५७७, म्हणजे मर्यादा सरासरीच्या वर-खाली ०.०१५ वर. चार्टवर २५.०२७ आणि २४.९९७ बरोब्बर आले. माझं भांडण आहे ते या रेषा दिसतात कशा, यावरून.

मूळ सेटिंगमध्ये दोन्ही मर्यादा लालभडक, जाड, सलग, आणि वर प्रत्येक सबग्रुपपाशी ठिपका. मर्यादा काही कोणी मोजलेली नसते, तिथे ठिपका कशाला? चार्ट उघडला की नजर आधी त्या दोन रुळांवर जाते, मधला डेटा बिचारा कोपऱ्यात उभा. मी ठिपके काढले, जाडी १ पॉइंटवर आणली, रेषा तुटक आणि करड्या केल्या. मध्यरेषा बारीक पण सलग. लाल रंग फक्त मर्यादेबाहेरच्या बिंदूला ठेवला. तीन सिग्माच्या (सरासरीपासून तीन प्रमाण विचलनांवरच्या) मर्यादा असल्या की प्रक्रिया ठणठणीत असतानाही साधारण ३७० बिंदूंत एखादा बाहेर पडतो. म्हणजे लाल क्वचितच दिसायला हवा, दिसला की थांबायला हवं.

हे शहाणपण मला फुकट मिळालं नाही. दुसऱ्या महिन्यात वरून फर्मान आलं, ड्रॉइंगमधला टॉलरन्सही (नगाच्या मापाला दिलेली सूट) चार्टवर दाखवा. मी दोन रेषा वाढवल्या, ॲड-इनने त्यांनाही तोच लाल रंग दिला. प्रिंटर ब्लॅक अँड व्हाइट. मशीनवर चार सारख्याच काळ्या रेषा लटकल्या. एका शिफ्टमध्ये बिंदू २५.०३१ वर गेला तरी मशीन चालूच. ऑपरेटरला विचारलं तर म्हणाला, "साहेब, आतच आहे की!" तो बाहेरच्या जोडीकडे बघत होता, २४.९५ आणि २५.०५. त्याचं काय चुकलं? मुळात सरासरीच्या चार्टवर सुट्या नगाचा टॉलरन्स टाकणंच चूक. ती चूक ॲड-इनची नव्हे, माझी. त्या रेषा त्याच दिवशी उडवल्या. रंगावर भरवसा ठेवणंही सोडलं. आता रेषेचा प्रकार वेगळा, आणि उजव्या टोकाला रेषेवरच "वरची मर्यादा २५.०२७" असं लेबल. लेजंड काढून टाकला.

दुसरा त्रास टोकांचा. मर्यादा पहिल्या बिंदूपाशी सुरू होऊन शेवटच्या बिंदूपाशी संपते, दोन्हीकडे अर्धा खण रिकामा. मर्यादेच्या मालिकेला सरळ ट्रेंडलाइन जोडून ती मागे-पुढे ०.५ ने वाढवली की रेषा काठाला टेकते. जुगाड आहे, पण चालतो.

पी-चार्टला (रोजच्या नमुन्यातलं सदोष नगांचं प्रमाण दाखवणाऱ्या चार्टला) मात्र हा जुगाड पुरत नाही. नमुना रोज वेगळा असतो, म्हणून मर्यादाही रोज हलते. सरासरी सदोष प्रमाण ४ टक्के धरलं तर १०० नगांना वरची मर्यादा ९.९ टक्क्यांवर येते, ४०० नगांना ६.९ वर. ही रेषा जिन्यासारखी हवी. ॲड-इन दोन दिवसांमध्ये तिरका उतार काढतं, जणू मर्यादा रात्रभर हळूहळू घसरली. शेवटी मी स्कॅटर चार्ट घेऊन प्रत्येक दिवसाचे दोन बिंदू दिले, अर्धा खण आधीचा आणि अर्धा नंतरचा. आता पायऱ्या नीट पडतात.

आणि खरा वैताग: नवा डेटा टाकून रिफ्रेश केलं की सगळं फॉर्मॅटिंग पुसलं जातं. पुन्हा लाल, पुन्हा जाड, पुन्हा ठिपके. सपोर्टला दोनदा लिहिलं. "नोंद घेतली आहे" एवढंच उत्तर. तोवर मी स्प्रेडशीटचंच चार्ट टेम्प्लेट साठवून ठेवलंय, रिफ्रेशनंतर ते लावतो. टेम्प्लेट मालिकांच्या क्रमाने रूप चढवतं, नावाने नाही, हे लक्षात ठेवा. एकदा मी मध्ये एक कॉलम घुसवला आणि डेटाच करडा तुटक झाला, वरची मर्यादा गडद निळी. तो प्रिंट अर्धा दिवस मशीनवर होता.